सोयरिकीचा रोहू

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर भर दुपार आहे. मागे मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, पाण्यावर डिसेंबरचं कोवळं ऊन, त्यात बदकांचा थवा डुलत बसलेला. उजव्या अंगाला काचेची भिंत, भिंतीपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. त्यांत जांभळाची वाइन मुरते आहे. डाव्या अंगाला स्वयंपाकघराचं झुलतं दार. मधोमध पांढऱ्याशुभ्र कापडाचं टेबल, आणि त्यावर एवढे काटे, चमचे, सुऱ्या, की एखाद्या ऐतिहासिक नाटकातल्या सैन्याला पुरून उरावीत. टेबलाच्या टोकाशी, खुर्चीच्या अगदी कडेवर, केव्हाही उठून चालू पडता येईल अशा बेतानं बसलेली ही बाई म्हणजे आमची गोकुळा.

मूल गावच्या बाजारात मच्छी घेणाऱ्याला गोकुळाची ओळख करून द्यावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो.

त्या काळी मी झाडीपट्टीच्या नाटकांतून खलनायक करत असे. धान कापून घरात आलं की गावोगाव मंडप पडायचे आणि आम्ही नटमंडळी मुक्कामाला निघायचो. गोकुळाच्या गावी आमचा प्रयोग झाला. त्यात मी नायिकेच्या म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतो असा प्रवेश होता, आणि तो माझा हातखंडा प्रवेश होता. सकाळी मिशी उतरवून बाजारात झिंगे घ्यायला गेलो, तर टोपलीमागची तरणी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले मच्छी नाई."

"काऊन बाई?"

"काल त्या म्हाताऱ्याले थंडीत बाहेर हाकललं. आज कोण्या तोंडानं झिंगे मागून राह्यला?"

"अवं, ते नाटक होतं!"

"नाटकात बी काऊन?"

मी पिशवी घेऊन बाजूला सरकलो. शेजारच्या बाईनं मला झिंगे दिले, आणि त्यावरून गोकुळानं तिच्याशी दिवसभर अबोला धरला. आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण अशी पावती पुन्हा मिळाली नाही. पुढच्या वर्षी मी एका नाटकात सज्जन भावाची भूमिका केली. ती बघून तिनं मला मरळ मासा दिला आणि तेव्हापासून 'भाऊ' म्हणायला लागली. ते नातं अजून टिकून आहे.

तिचा नवरा तापानं लवकर गेला. कमरेवर लेक रीता, डोक्यावर टोपली, अशी ती गावंच्या गावं हिंडली. पोर छत्रीखाली झोपायची आणि ही भाव करायची. बसून जेवताना तिला कोणी पाहिलेलं नाही. टोपली रिकामी झाल्याशिवाय घास नाही, आणि रिकामी झाली की उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलून घरची वाट. रडगाणं मात्र कधी नाही. बाजारात हसण्याचा आवाज आला की मी न बघता सांगतो, गोकुळा बसली आहे.

रीता शिकली. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं, आणि तलावाकाठी हे जांभळाच्या वाइनचं ठिकाण निघालं तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात कामाला लागली. आता अर्धं स्वयंपाकघर तिच्या शब्दावर चालतं. मूलला मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला मिथुन तिला आवडला, त्याला ती आवडली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मिथुनचे वडील हरिदास. वैनगंगेच्या पलीकडच्या गावचे, नदीत जाळं टाकणारे. त्यांनी निरोप धाडला की पोट्टी चांगली आहे, पण हॉटेलातली नोकरी सोडत असेल तरच सोयरीक.

रीतानं उलटा निरोप दिला. आधी माझ्या हाताचं जेवा, मग काय ते बोला.

गोकुळा माझ्याकडे आली. "भाऊ, पोट्टीचं लगन बी झालं पाहिजे आन् काम बी राह्यलं पाहिजे. माझ्याकडून बोलाले मोठा माणूस नाई. तुमी चला. तुमी नाटकात राजे झाल्ते, तुमाले काटे-चमचे येत असतीन."

मी तिला सांगितलं नाही की नाटकातल्या राजांची ताटं रिकामी असतात. कोट घातला आणि निघालो.

तर आता टेबलाभोवती आम्ही पाच. गोकुळा, मी, हरिदासभाऊ, त्यांची बायको मीराबाई, आणि गळ्याशी घट्ट बटण लावून बसलेला मिथुन. रीता आत, झुलत्या दारापलीकडे.

पहिल्यांदा वेटरनं हरिदासभाऊंच्या पेल्यात तळाशी चार थेंब वाइन ओतली आणि बाटली धरून उभा राहिला. चव घेऊन मान हलवायची, मग तो पेला भरतो, अशी तिथली रीत. हरिदासभाऊंनी पेला उन्हात धरला. "बस? एवढीच? हे डोळ्यात घालाचं आहे का?"

"पेऊन पाहा," मी म्हटलं.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "पोलीस तं नाई ना येत? आमच्या तिकडं दारूबंदी आहे."

"तिकडं नदीच्या पल्याड," गोकुळा म्हणाली. "तुमी इकडं बसले. नदी काई संगं नाई आली."

मीराबाई फिसकन हसल्या. हरिदासभाऊंनी चव घेतली, जीभ टाळ्याला लावली आणि पेला पुढे केला. वेटरनं भरला.

मग लहानशा पांढऱ्या वाट्यांतून सूप आलं. पिवळसर, वर हिरवी पानं, वास असा की बोलणंच थांबलं. हरिदासभाऊंनी ते चमच्यानं न पिता वाटी उचलून तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली आणि म्हणाले, "अजून आहे का हे?" दुसरी वाटी आली. तीही गेली. "तळ्याची मच्छी चिखलाची वासते म्हणत होतो मी," ते मीराबाईंना म्हणाले, "पण हे काई येगळंच आहे."

त्यानंतर एका मोठ्या थाळीच्या मधोमध कमळकाकडीचे तीन काप आले, त्यावर चटणीचा एक ठिपका. गोकुळानं थाळी फिरवून चहूबाजूंनी पाहिली. "भाऊ, हे दाखवाले आणलं का खावाले?"

"खावाले."

"मंग बाकीचं कुठी सांडलं?"

आणि दोन पदार्थांच्या मधे तो थांबा! आमच्या नाटकातसुद्धा दोन अंकांमधे एवढा वेळ घेतला असता तर प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. पण हळूहळू मला त्यातली गंमत कळली. थांबायला लागलं की माणसं बोलतात. हरिदासभाऊ नदीतल्या पुराच्या गोष्टी सांगू लागले, मीराबाईंनी आपल्या बाजारातल्या गिऱ्हाईकांच्या नकला केल्या, गोकुळानं त्यावर आपल्या नकला काढल्या. दोघींचा सामना असा रंगला की शेजारच्या टेबलावरचे, जंगलात वाघ बघून आलेले पाहुणे त्यांच्याकडेच बघू लागले. गोकुळा खुर्चीत मागे सरकून बसली. पाठ टेकून. मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

आणि मग रोहू आला.

सकाळी गोकुळानं स्वतः तलावातून आणून दिलेला, हाताएवढा लांब रोहू. आता प्रत्येकाच्या थाळीत त्याचा एकेक नीटस तुकडा, साल कुरकुरीत, खाली हिरवा रस्सा. चित्रासारखा. हरिदासभाऊंनी आपली थाळी पाहिली, माझी पाहिली, गोकुळाची पाहिली. काटा खाली ठेवला.

"मुंडकं कुठी आहे?"

इकडच्या मच्छीमार घरांत सोयरिकीचं जेवण म्हणजे मोठा मासा, आणि त्याचं मुंडकं मुलाच्या बापाच्या ताटात. त्यानं ते खाल्लं की होकार. बाजूला सारलं की नकार. आणि मुलीकडच्यांनी ते वाढलंच नाही, तर त्याचा अर्थ एकच: आम्हाला तुमचं घर पसंत नाही.

"म्हणजे तुमीच नाई म्हणून राह्यले का?" हरिदासभाऊंचा आवाज चढला. "असं होतं तं निरोप धाडाचा होता. एवढ्या दूर बलावून पांढऱ्या कपड्यावर बसवून इज्जत काऊन काढली?"

"बाबा," मिथुन म्हणाला.

"तू चूप बस."

गोकुळा पांढरी पडली. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे हाक मारली, "रीता!" बाजारातला आवाज होता तो. टाक्यांपर्यंत गेला असेल.

रीता पांढरी टोपी घालून धावत आली. गोकुळानं विचारलं, "मुंडकं?" आणि पोरीचा हात तोंडावर गेला. तिला रीत माहीत नव्हती असं नाही. असल्या जेवणांच्या पंगती बघत ती मोठी झाली. पण इथं पाहुण्यांपुढं मुंडकं ठेवत नाहीत, रोज तेच करून हाताला वळण पडलेलं. मासा समोर आला, हात चालला, डोकं नंतर जागं झालं.

"फेकलं का?" गोकुळानं विचारलं.

"फेकीन कशी माय? उकळलं. सूप त्याचंच केलं."

गोकुळाच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं, पोटात उतरलं आणि बाजारातलं ते हसू सगळ्या काचांवर आपटलं.

"हरिदासभाऊ, मुंडकं तं तुमी पेऊन बसले!"

"काय?"

"पेले. आन् दुसऱ्यांदा मागून पेले!"

हरिदासभाऊंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथून वाट्या केव्हाच उचलल्या होत्या. "पेणं म्हणजे खाणं नाई," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मीराबाईंनी निकाल दिला. "दुसरी वाटी मागताना इचारलं होतं का, कायची आहे म्हणून? आता पोटातून काढून दाखवता का? झाला तुमचा होकार."

मी टाळी वाजवली. राहवलं नाही. मिथुननं गळ्याचं बटण सोडलं. हरिदासभाऊही हसले, डोक्याला हात लावून हसले. पण हसू ओसरल्यावर त्यांनी बोट वर केलं. "सोयरीक मान्य. पण नोकरीचं बोलणं राह्यलंच. बाजारात बसून मच्छी विकणं येगळं. इथी लोक पेऊन बसतात."

"तुमी बी तं बसले," गोकुळा म्हणाली.

हरिदासभाऊंनी हातातला पेला खाली ठेवला. मीराबाईंनी तोंडाला पदर लावला. पण गोकुळा आता हसत नव्हती. ती पुढे सरकून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हरिदासभाऊ, आईकून घ्या. ह्या पोट्टीनं मच्छी कापाचं माझ्याजवळ शिकलं, बाकी सारं तिचं तिनं शिकलं. तेच तिचं आहे. पोट्टी मी तुमाले देऊन राह्यली, पण तिचे हात इथी कापून ठेवून नाई देत. न्यायची असीन तं हातासकट न्या. नाईतं मुंडकं मी माफ केलं तुमाले, तुमी मोकळे."

शेकडो प्रयोगांत मी मोठमोठी भाषणं ऐकली, केली. असं एकही आठवत नाही. रीता दाराशी उभी होती. तिचं लग्न आणि तिची चूल, दोन्ही त्या टेबलावर होती.

वेळ घालवण्यासाठी असेल, हरिदासभाऊंनी काटा उचलला आणि रोहूचा तुकडा तोंडात घातला. चावताना ते थांबले. जिभेनं काहीतरी शोधत राहिले, जसं नदीवरचा प्रत्येक माणूस रोहू खाताना शोधतो. दुसरा तुकडा घेतला. बोटांनी चाचपला.

"काटा नाई," ते म्हणाले.

"काढले," रीता म्हणाली.

"रोहूचे? सगळे? बारीक बी?"

"चिमट्यानं. वेळ लागते, पण निघतात."

हरिदासभाऊ मीराबाईंकडे वळले. "आपल्या मायनं मच्छी सोडून किती दिवस झाले?" आणि मग आम्हाला सांगू लागले, की घरी त्यांची आई आहे, दात नाहीत, नजर नाही. घशात काटा अडकेल या भीतीनं नदीकाठच्या घरात राहून ती मच्छी खात नाही. घरात रस्सा शिजला की नुसता वास घेते आणि 'तुमी खा रे' म्हणते. सांगताना हरिदासभाऊ तुकड्याकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि रीताला, थेट रीताला, विचारलं, "बाई, सुटीच्या दिवशी आमच्या मायसाठी असा रोहू करून देशीन का?"

सुटीच्या दिवशी. टेबलावरच्या प्रत्येकानं तो शब्द ऐकला. सुटी म्हणजे काम आलंच. मिथुननं ओठ दाबून खाली पाहिलं, मीराबाईंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. हरिदासभाऊंनाही कळलं होतं की आपण काय बोलून बसलो. पण ते शब्द मागे घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शांतपणे पुढचा घास घेतला.

"दर सुटीले करीन," रीता म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि ती तिथंच उभी राहिली, टोपीनं डोळे पुसत.

खिडकीबाहेर बदकांचा थवा उडाला, तलावावर एक वळसा घालून परत बसला. मला वाटलं आता गोकुळा रडेल. पण तिनं पदर खोचला, सगळ्या थाळ्यांवरून नजर फिरवली, नव्या व्याह्यांकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाली:

"उभी काऊन आहेस वो माय? भात आण. इवाई कवाचे उपाशी बसून राह्यले."