दुसऱ्या हॉर्ननंतर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शाळेची बस चालवतात. मुलं त्यांना हॉर्नकाका म्हणतात आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. थांब्यावर गाडी उभी राहिली की पहिला हॉर्न, जरा दम खाऊन दुसरा, आणि दुसरा वाजला की गाडी सुटलीच. मग कोणाची आई डबा घेऊन धावत येवो, नाहीतर कोणाचा बाप अर्ध्या दाढीनं. शाळेची घंटा होऊन गेल्यावर भाऊजींची गाडी फाटकात शिरली, असं कधी झालं नाही. ताई म्हणते, लोकांच्या लग्नात नवरदेवाची वाट बघतात, माझ्या लग्नात नवरदेव येऊन बसला होता आणि माझीच वेणी व्हायची होती, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

माणूस कडक, पण मुलांवर जीव. एकेकाला नाव ठेवलेलं. अखंड बडबडणारा तो रेडिओ, खिडकीला टेकून झोपणारी ती उशी. आणि उताराच्या थांब्यावरची एक मुलगी, ती गोगलगाय. तिचं घर वर, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथून पायऱ्या उतरून, वळण घेऊन खाली यायचं. रोज बुटाची नाडी सुटलेली, रोज उशीर.

"गोगलगाई, गाडी तुझ्या मामाची आहे का?" भाऊजी विचारायचे.

"माझा मामा पण ड्रायव्हरच आहे, काका," ती चढता चढता सांगायची, आणि सगळी गाडी हसायची. भाऊजी तेवढे हसायचे नाहीत. घरी येऊन ताईला आणि मला सांगताना हसायचे.

त्यांचा मुलांना आणखी एक नियम होता. फार पूर्वी एक मुलगा गाडीमागे धावताना तोंडावर पडला होता, तेव्हापासूनचा. गाडीमागे कधी धावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. असाल तिथे उभं राहायचं आणि हात वर करायचा. "मला आरशात सगळं दिसतं," असं ते सांगायचे. आणि खरंच, दुसऱ्या हॉर्ननंतरही आरशात हात दिसला की ते गाडी थांबवायचे, चार शब्द ऐकवायचे आणि घ्यायचे. लहान मुलांना तर वाटायचं, काकांना आरशात पोटातलंही दिसतं.

मग ती साथ आली आणि शाळा बंद झाली. बस शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. भाऊजी रोज जाऊन ती पुसायचे, इंजिन चालू करून बघायचे आणि परत येऊन ताईच्या पायात पायात करायचे. भाजी चिरायला वेळ किती लागतो, आंघोळीला कोण किती वेळ घेतं, सगळ्यावर देखरेख. ताई म्हणाली, यांच्या हातात कोणीतरी एक हॉर्न आणून द्या आणि यांना गच्चीवर पाठवा.

शाळेच्या मोठ्या बाईंना मात्र वेगळीच काळजी होती. आमच्या शाळेत दुपारचं जेवण मिळायचं, आणि कितीतरी मुलांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढंच होतं. शाळेला कुलूप म्हणजे त्या जेवणालाही कुलूप. त्यात आईबापांची कामं सुटलेली. बाईंनी दुकानदारांना गाठलं, ऐपतीच्या पालकांना गाठलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात पिशव्या भरायला सुरुवात केली. मी त्या कामाला जात असे. धान्य, तेल, साबण, घरात तान्हं असेल तर दुधाची पावडर, आणि वर शिक्षकांनी दिलेले अभ्यासाचे कागद. पिशव्या पोचवायच्या त्या बसनेच, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या थांब्यांवर.

बाईंनी भाऊजींना माझ्यासमोर बजावलं होतं. "नुसती पिशवी टेकवून येऊ नका. घरात कसं चाललंय ते विचारा. आणि कोणी आलं नाही, तर का आलं नाही ते मला येऊन सांगा."

भाऊजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. थांब्यावर पहिला हॉर्न, दुसरा हॉर्न. आया अंतर ठेवून उभ्या राहायच्या, तोंडाला फडकं बांधून एकेक पुढे यायची. भाऊजी मुलांची चौकशी करायचे, रेडिओ आता घरी कोणाचं डोकं खातो म्हणून विचारायचे. लोकांना त्या हॉर्नचा धीर वाटायचा. एक म्हातारी म्हणाली, हॉर्न ऐकला की वाटतं, अजून जग चालू आहे.

उताराच्या थांब्यावरची एक पिशवी मात्र परत येऊ लागली. पहिल्या खेपेला मी ती गाडीतून उतरवून घेतली तेव्हा भाऊजी म्हणाले, गोगलगाईकडचं कोणी आलं नाही. दुसऱ्या खेपेला बाईंनीच विचारलं. भाऊजी म्हणाले, "कुठे नातेवाइकांकडे गेले असतील." बाईंनी त्यांच्या घरी फोन लावून बघितला होता, तो बंद होता. तेव्हा लोक घरं बंद करून जातच होते. बाईंना ते पटलं. मलाही पटलं. ती पिशवी आम्ही दुसऱ्या घराला दिली. त्याच्या पुढच्या खेपेला तर बाईंनी विचारलंही नाही.

खरं असं होतं की ती मुलगी भाऊजींना दिसत होती. हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. पहिल्या खेपेला दुसरा हॉर्न झाला, बाया पिशव्या घेऊन पांगल्या, त्यांनी गाडी काढली आणि आरशात बघितलं, तर मागे वळणावर ती उभी. हात वर केलेला. ते थांबले नाहीत. त्यांच्या मनात आलं, शाळा नाही, घंटा नाही, दिवसभर घरी बसून काम काय आहे, आणि तरी हिला वेळेवर येता येत नाही. एकदा रिकाम्या हाताने परत गेली की शिकेल. पुढच्या खेपेला पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच हात, आणि आता तर त्यांना जास्तच राग आला, कारण ती शिकली नव्हती. दुपारी बारापर्यंतच रस्त्यावर फिरायची परवानगी आहे, असं ते स्वतःला सांगायचे. "पण वेळ होता," ते आम्हाला म्हणाले. "थांबायला वेळ होता."

त्यानंतर एका खेपेला, त्या थांब्यावर राहणारी एक शिवणकाम करणारी बाई पिशवी घेता घेता थोड्या अभिमानानेच म्हणाली, आमच्या इथे सगळं नियमाने चालतं हो. वरच्या टाकीमागच्या घरात आजार आहे ना, बाप अंथरुणात आहे, आई त्याच्याजवळ. पोरगी तेवढी बाहेर येते. मग आम्ही तिला बजावून ठेवलंय, सगळे पिशव्या घेऊन घरात गेल्याशिवाय वळणाच्या पुढे यायचं नाही. गुणी पोर आहे, ऐकते.

भाऊजींनी मागे बघितलं. आरशात नाही, मान वळवून. ती वळणावर उभी होती.

त्यांनी गाडी बंद केली आणि राहिलेल्या पिशव्यांमधून दोन उचलल्या. त्यांना येताना बघून ती मागे सरकत गेली, पायऱ्या चढून घराच्या दारापर्यंत. भाऊजी खालच्या पायरीवर थांबले. ती वरून म्हणाली, "तिथेच ठेवा काका, जवळ येऊ नका, आमच्याकडे आजार आहे."

ती केवढीशी झाली होती, एवढंच भाऊजी आम्हाला सांगू शकले. त्यांनी विचारलं, इतके दिवस काय खाल्लं. ती म्हणाली, होतं ते पातळ करून शिजवत होतो. आई म्हणते, तिला भूक नसते. फोनमधले पैसे संपलेत. बाबांचा ताप आता उतरतोय.

"अगं, मग हाक तरी मारायचीस."

"हाक मारायची नाही, धावायचं नाही, तुम्हीच सांगितलंय ना. मी हात वर करत होते." आणि मग त्यांची समजूत घालावी तसं ती म्हणाली, "मी लांब उभी असते, म्हणून आरशात दिसत नसेन."

भाऊजी म्हणाले, तेव्हा नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने सुटायची वाट स्वतःच काढून दिली होती. वळण आहे, उतार आहे, दिसत नाही लांबचं, कोणी काही म्हटलं नसतं. बाईंनीही नाही. भाऊजींनी तोंडावरचं फडकं खाली केलं, आणि मग ते करायचं नसतं हे आठवून पुन्हा वर ओढलं.

"दिसत होतीस," ते म्हणाले.

"मग?"

भाऊजींनी पिशव्या पायरीवर ठेवल्या. ती तिथेच उभी. ते खाली उतरून वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत ती पिशव्या घ्यायला उतरली नाही.

शाळेत येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो हेही. मी पिशव्यांना गाठी मारत होते, माझे हात थांबले. बाई रागावतील असं मला वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मीही एकदा फोन लावून गप्प बसले." दुसऱ्या दिवसापासून जो थांब्यावर येणार नाही त्याच्या दारापर्यंत जायचं असं ठरलं, आणि भाऊजींबरोबर एक शिक्षक जाऊ लागले. टाकीमागच्या घराची पिशवी सगळ्यात आधी पोचायची. त्यात ताई शिजवलेल्या जेवणाचा डबाही घालायची. बाईंनी त्यांच्या फोनमध्ये पैसे भरले आणि शाळेतून रोज कोणीतरी त्यांची चौकशी करू लागलं. मुलीचा बाप बरा झाला. देवाची कृपा.

पण आमच्या घरात भाऊजींचा आवाज गेला. जेवायला बसायचे, दोन घास झाले की ताट सरकवायचे. भाजी कशी चिरली याच्याशी त्यांना घेणंदेणं उरलं नाही. ताई म्हणाली, अहो, काहीतरी बोला, निदान मीठ कमी आहे असं तरी म्हणा. मी माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना म्हटलं, भाऊजी, देवाची माफी मागा, मन हलकं होईल. मी तेच करते, काही चुकलं की. ते म्हणाले, "देव काही त्या वळणावर हात वर करून उभा नव्हता."

मला वाटतं, तोच उभा होता. पण मी बोलले नाही. त्यांना तेवढंच पुष्कळ झालं होतं.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा मी स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून लागले आणि भाऊजींच्याच बसने जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते मला आधीच्या थांब्यापासूनच सांगत होते, आज गोगलगाईसाठी थांबायचं, कितीही उशीर होऊ दे. ते नाव त्यांनी माझ्याशी बोलताना घेतलं, तिच्यासमोर पुन्हा कधी घेतलं नाही.

थांब्यावर गाडी पोचली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे उभी होती. केस चापून बसवलेले, नाडी घट्ट, दोन गाठींची. भाऊजींनी हॉर्नवर ठेवलेला हात काढून घेतला. ती चढली, "नमस्कार काका" म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मामाचं काही बोलली नाही. भाऊजींनीही विचारलं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. ती एकदाही उशिरा आलेली नाही. भाऊजी आता दुसरा हॉर्न वाजवतच नाहीत, त्यामुळे बाकीची मुलं मात्र आरामात येतात आणि बस कधी कधी घंटेनंतर फाटकात शिरते. शिक्षक कुरकुरतात. भाऊजी ऐकून घेतात. परवा मला म्हणाले, तिने एकदा तरी उशीर करावा गं. मी थांबेन. हवा तेवढा वेळ थांबेन.

उताराच्या थांब्यावर सगळे चढून झाले तरी गाडी हलत नाही. इंजिन चालू, दार उघडं, भाऊजी आरशात त्या रिकाम्या वळणाकडे बघत बसलेले. मुलं ओरडतात, काका, झाले सगळे. ते ऐकत नाहीत. शेवटी मागून तिचाच आवाज येतो, हळू, कोणाला लाज वाटू नये असा.

"काका, मी आत आहे. चला."

मग ते दार लावून घेतात.