कलकत्तेवालीची गोधडी

कलकत्तेवाली म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते मला माहीत आहे. लाल काठाची पांढरी साडी, कपाळभर कुंकू, तोंडात पान. काहींच्या डोळ्यांपुढे आणखीही काही आलं असेल, त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावं. कारण आमची कलकत्तेवाली पंचावन्नच्या पुढची होती, लाखनीला सडकेच्या कडेला उकडलेले शिंगाडे विकायची आणि जन्मात भंडाऱ्याच्या पलीकडे गेली नव्हती. भंडाऱ्यालाही एकदाच, दाढ उपटायला.

नाव पडलं ते टीशर्टमुळे. थंडी पडली की ही बाई नऊवारी लुगड्यावर, चोळीच्या वरून, पोराचा टीशर्ट चढवायची. छातीवर इंग्रजीत लाल अक्षरं, कलकत्ता, आणि खाली हावड्याचा पूल. पुढ्यात शिंगाड्यांचं टोपलं, डोक्यावर पदर, पोटावर पूल. येणारे-जाणारे ट्रकवाले मुद्दाम गाडी हळू करायचे. एकाने विचारलं, "क्या माँजी, कलकत्ता जाना है?" तर ही म्हणाली, "मी कायले जाऊ? कलकत्ताच माह्याकडं आला ना!" ड्रायव्हर हसला आणि दोन पायली शिंगाडे घेऊन गेला. तिच्या तोंडावर आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती मला नकल्या म्हणायची. मी मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेलो होतो. हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढणं, हीच माझी तेव्हाची नोकरी.

तिचा एकुलता एक पोरगा मनोहर. नवरा लवकर गेला, पोरगा ट्रकवर क्लिनर म्हणून चढला आणि पुढे ड्रायव्हर झाला. जिथे जाई तिथल्या गावाचं नाव छापलेला एक टीशर्ट घ्यायचा, तो विरेपर्यंत अंगात घालायचा आणि मग दयाराम नावाच्या सोबतच्या ड्रायव्हरच्या हाती आईकडे पाठवून द्यायचा. स्वतः यायचा वर्षातून एकदा, मंडईच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या नाटकांच्या जत्रेत. नवा टीशर्ट पाठवायचा नाही, ही आईची सक्त ताकीद होती. कारण त्या टीशर्टांची ती गोधडी शिवत होती. "नवं कापड मुकं असते," ती म्हणायची. "मानसाचा घाम पेलं का मंग बोलते."

टीशर्टाच्या कापडाची गोधडी शिवणं म्हणजे डोकेदुखी. ते ताणतं, टाका घातला की तोंड वाकडं करतं. मावशीने त्यावर आपला उपाय काढला होता. उलट्या अंगाने भाताची पेज लावायची, सावलीत वाळवायची, कापड कडक झालं की चौकोन कापायचा. धुवायचा मात्र नाही. जगन्नाथपुरीचा चौकोन तिथल्याच घामासकट खालच्या जुन्या लुगड्यावर बसायचा, शेजारी विशाखापट्टण, त्याच्याखाली राऊरकेला. तिला वाचता येत नव्हतं. गावाचं नाव मी वाचून सांगायचो. ती आधी कापड नाकाशी धरायची, डिझलचा आणि पोराचा वास घ्यायची, आणि मग म्हणायची, "हां, वाच आता."

तीन कोपरे तिने शिवून बंद केले होते. प्रत्येक कोपऱ्यात चार-चार दाणे धानाचे, म्हणजे गोधडीचं पोट रिकामं राहत नाही. चौथा कोपरा उघडा. तो मनोहर कायमचा घरी आला की त्याच्या हाताने दाणे टाकून बंद करायचा. "पोट्टा हिंडून हिंडून थकन ना, तवा याच्यावर निजन," ती म्हणायची. "सारे गावं खाली, तो वर."

आता माझा भाग. मनोहर बोलण्याआधी जिभेने टाळूला 'च्यक्' करायचा, बैलाला हाकल्यासारखं. मग नाकातून हसायचा आणि "आयक ना माय" म्हणून सुरू व्हायचा. मला ते एका मंडईत जमून गेलं. एकदा मावशी शिवत बसली होती, मी मागून म्हटलं, "च्यक्. आयक ना माय, पुरीच्या समुद्रात आंघोळ केली, सारा खारा झालो, चाटून पाहाय." ती वळली नाही. सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली. म्हणाली, "मंग? जेवला का तिथं?"

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. ती टाके घालायची, मी मनोहर व्हायचो. राऊरकेल्याच्या भट्ट्या, विशाखापट्टणची जहाजं, काय वाटेल ते फेकायचो. ती विचारायची, "पोटाचं दुखनं कसं हाये?" मी मनोहरच्या आवाजात म्हणायचो, "बरं हाये." बदल्यात शिंगाडे. मला वाटायचं, माझ्यासारखा कलाकार भंडारा जिल्ह्यात नाही.

मग टीशर्ट यायचे थांबले. दयारामही दिसेनासा झाला. पहिली मंडई गेली, मनोहर नाही. दुसरी गेली, तरी नाही. मावशी ट्रक थांबवून विचारायची, "बापू, मनोहर भेटला का कुठं?" लोक मान हलवायचे. माझ्या नकला ती अजून ऐकायची, पण सुई हातात नसायची. शिवायला नवीन काही नव्हतंच.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिची धाकटी बहीण सगुणा कोंढ्याहून आली. तीही विधवाच, पण घर स्वतःचं, पोरगा-सून जवळ, एक खोली रिकामी. दोघी बाहेर बसल्या होत्या, मी शिंगाडे सोलत ऐकत होतो.

"किती दिस अशी सडकेवर बसशीन वो? चल कोंढ्याले," सगुणा म्हणाली.

"आन तो आला तं?"

"आला तं कोंढा का विलायतेत हाये? येईन तिथं."

मावशी उठली. मग आत गेली, गोधडी घेऊन आली, सुईत दोरा ओवला आणि मुठीत धान घेतलं. चौथा कोपरा ती स्वतःच बंद करणार होती. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," म्हणाली. "आज कोपरा शिवून टाकतो."

इथे मी उठलो आणि म्हटलं, "मावशी, आज बुधवार. बुधवारी गोधडीचा कोपरा मिटवत नसतात." असं काही नसतं. मी ते जागेवर रचलं. पण मी ते गावच्या गुरवाच्या आवाजात म्हटलं, त्यामुळे दोघी हसल्या आणि सुई खाली ठेवली. "बरं, उद्या शिवून मंग दुपारच्या गाडीनं," ती म्हणाली.

मी असं का केलं? कारण माझ्याजवळ एक टीशर्ट तयार होता. भंडाऱ्याच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात मला गोव्याचा टीशर्ट सापडला होता, निळा, वर नारळाचं झाड. मी तो आठ दिवस अंगात घातला. मित्राच्या गॅरेजात ट्रकखाली लोळलो. बाहीला डिझल चोळलं, काखेत ग्रीस. आमची आई म्हणायची, "घरात डिझलचा वास कुठून येऊन राहिला रे?" मावशीचं तोंड उजळेल, पुन्हा सुई चालेल, पुन्हा मी मनोहर होईन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती गेली असती तर माझं ऐकायला कोण होतं? पण हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. मला वाटलं, मी पुण्य करून राहिलो.

सकाळी एका अनोळखी ड्रायव्हरला चहा पाजून पढवलं. त्याने मावशीपुढे गाडी थांबवली, पुडकं दिलं आणि म्हणाला, "मनोहरने भेजा है." पुढे एक शब्द नाही. मीच तसं सांगितलं होतं, कमी बोललं की खरं वाटतं.

तिने पुडकं सोडलं, टीशर्ट नाकाशी धरला. मी टपरीच्या आडून बघत होतो. तिने डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "सगुणे, तू जा. माहा पोट्टा येते."

सगुणाने पुष्कळ समजावलं. शेवटी पिशवी उचलून म्हणाली, "आता बोलवाले नाई येनार मी." आणि ती खरंच आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात काविळीने गेली. त्या रिकाम्या खोलीत तिच्या पोराने सासरची माणसं आणून ठेवली. मावशी दहाव्याला जाऊन आली, तिथे राहा असं तिला कोणीच म्हणालं नाही.

गोवा गोधडीच्या मधोमध, उरलेल्या जागेत बसला होता. त्यावर मी मनोहर होऊन दीड वर्ष बोललो. च्यक्, आयक ना माय, इथं मानसं मासे खातात आन पाव खातात. ती म्हणायची, "तुले पचते का रे?"

मग एका दुपारी दयाराम आला. रस्ता बदलला होता म्हणे, म्हणून इतके दिवस दिसला नाही. मावशीने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "गोव्यावरून कवा येते तो?"

"कोन गोव्याले?" दयाराम हसला. "मावशी, आपल्या गाड्या तिकडं जातच नाई. मनोहरनं गाडी सोडली, तीन साल झाले. रायपुरात टायरचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोरगीबी हाये." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पाण्याचा पेला हातात घेऊन नुसताच बसला. "सांगू नको म्हणे मले तो," एवढंच शेवटी बोलला.

मावशी ह्याच पौषात गेली, सडकेजवळच्या त्याच खोलीत. शेवटपर्यंत शिंगाडे विकले. रायपूरला निरोप धाडला तेव्हा मनोहर तिसऱ्या दिवशी आला. गोधडी उलगडून बघितली, मधोमध चौकोनाएवढं भोक दिसलं, खालचं लुगडं उघडं. "हे भोक कायचं?" त्याने विचारलं. त्याने घडी करून काखेत मारली, तर उघड्या कोपऱ्यातून कापडाचे धागे लोंबत होते. दयाराम सांगतो, ती आता टायरच्या दुकानातल्या बाकड्यावर अंथरलेली आहे. सारे गावं खाली, गिऱ्हाईक वर.

लोक अजून मला म्हणतात, कलकत्तेवालीची नक्कल कर ना रे. आवाज काढता येतो मला. करत नाही.

त्या भोकाचं सांगायचं राहिलं. दयाराम गेला त्याच दुपारी मावशीने मला बोलावलं. गोधडी खाटेवर पसरली होती. तिने माझ्या हातात ब्लेडचं पान दिलं आणि गोव्यावर बोट ठेवलं.

"उसव."

मी उसवायला लागलो. तिचे टाके बारीक होते, लवकर निघत नव्हते. ती माझ्या डोक्याशी उभी राहून बोलत होती, आवाज न चढवता.

"तू त्याचा आवाज काढे, तवा मले मालूम होतं तो तू होय म्हून. मी काई येडी नोहो. मंडईत नाटक पाहाले बसतो ना आपन, तशी आयके मी. नाटक सपलं का मानूस उठून घरी जाते. पन तू घाम आनला रे मेल्या, तुह्याबिगर हे कोन करन? घामाले कोन नाटक समजन? त्या घामाच्या भरोशावर मी माह्या बहिनीले दारातून वापस धाडलं. मेली ती. तिच्या मयतीले नाई पोचली मी. तुहा वास नाकाले लावून बसली होती इथं, दीड साल. पोट्ट्यानं मले टाकलं, त्याचं मी पाहीन. तू माहा कोन होता? तुले कोनं सांगतलं होतं?"

शेवटचा टाका निघाला आणि चौकोन माझ्या हातात आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्या नारळाच्या झाडावर पडलं.

मावशीने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, बाजारात शिंगाडा आतून सडका आहे का ते बघतात तसं.

"रडू नोको," ती म्हणाली. "हे कोनाचं रडनं काढून राहिला, मले काय मालूम?"