सोडून गेलेले सात

माझी मावशी मोटारी भरते. पंपाच्या, लिफ्टच्या, धुलाईयंत्रांच्या विजेच्या मोटारी. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा फिरती करायची. काका गेल्यावर दुकान बंद पडणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मावशीनं दुसऱ्या आठवड्यात शटर वर केलं. बाईमाणसाला हे झेपायचं नाही, असं म्हणणाऱ्यांत माझे वडील सगळ्यांत पुढे होते.

तीस वर्षांच्या खडखडाटानं मावशीचा एक कान पार गेला, दुसरा अर्धा. बेअरिंग बिघडलंय का, हे बाकीचे मिस्त्री कानानं ओळखतात. मावशी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर ठेवते, मूठ हनुवटीला टेकवते आणि डोळे मिटते. थरथर हाडातून कळते म्हणते. मग तिच्या डोक्यात आलं, की ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्यांनाही हे शिकवता येईल. दहा वर्षांत तिनं अशा सात जणांना शिकवलं. एका वेळी एकालाच, कारण दुकानात दुसरं स्टूल मावत नव्हतं.

यंदा दुकानाची इमारत पाडायचं ठरलं. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत जागा सोडायची होती. त्याच सुमारास, कामगार घडवण्याच्या नव्या कल्पनांना सरकार अनुदान देणार, अशी जाहिरात आली. मिळालं तर मोठी जागा आणि बारा जणांचा वर्ग. नाही मिळालं तर मावशी लेकाकडे जाणार आणि शिकवणं कायमचं बंद. लेकाकडे तिला नुसतं बसून राहावं लागणार होतं, आणि नुसती बसलेली मावशी मी जन्मात पाहिलेली नाही.

मी दवाखान्यात फायली सांभाळते, म्हणून अर्जाचं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळं लिहिलं, फक्त एक रकाना तिच्यासाठी सोडला: आजवर तयार केलेले कामगार. ‘नीट आठव, आकडा घाल आणि दे पाठवून,’ असं बजावून मी निघाले. चार दिवसांनी तिच्याकडची प्रत चाळली. रकान्यात शून्य होतं.

“मावशी, हे काय लिहिलंस?”

“खरं तेच लिहिलंय.”

“अगं, सात जण शिकले ना तुझ्याकडे?”

“शिकले आणि गेले. आज दुकानात एक तरी दिसतोय का?”

कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी होता. मी अनुदान कार्यालयात फोन केला. मुदत संपली, आता अर्जातलं टिंबही बदलता येणार नाही, असं पलीकडून ऐकवण्यात आलं. रकाना तिच्या भरवशावर सोडला तो मीच, तेव्हा रागावणार कुणावर? त्या आठवड्यात दवाखान्यात मी दोन फायली भलत्याच खणात घातल्या आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

तरीही मुलाखतीचं बोलावणं आलं. मला आनंद कसला, धडकीच भरली. टेबलापलीकडे तिघं होते. विचारायचं काम मधल्या बाईंकडे होतं. मी मावशीच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसले, म्हणजे वेळ पडली तर प्रश्न पुन्हा सांगता येईल.

“एकशे चाळीस अर्ज आले,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “कुणी दोनशे कामगार तयार केलेत, कुणी पाचशे. शून्य लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच.”

मी तोंड उघडलं. बाईंनी हातानंच थांबवलं. “त्यांना बोलू द्या.”

“सात आले होते,” मावशी म्हणाली. “पहिला बर्फाच्या कारखान्यात गेला. दोघी बहिणी लिफ्टवाल्यांकडे गेल्या. एक पंपघरात आहे, आता तिथला मुकादम झालाय. दोघं धुलाई कारखान्यात आहेत. शेवटचीनं स्वतःचं दुकान काढलं, माझीच गिऱ्हाइकं घेऊन गेली.”

“मग हे सात लिहायचे होते.”

“कसे लिहू? दर वेळी वाटायचं, हा माझं दुकान पुढे चालवेल. हात बसला की निघून जायचा. एकालाही माझ्यापाशी राहावंसं वाटलं नाही. शिकवण्यातच माझी काहीतरी खोट असणार.”

दहा वर्षं ती हे मनात धरून बसली होती, आणि आठवड्यातून दोनदा तिच्याकडे चहा पिणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटलं. बाईंनी सातही जणांचे पत्ते लिहून घेतले आणि कळवतो म्हणाल्या.

कळवायला त्यांनी अठरा दिवस लावले. शेजारची दुकानं एकेक करून रिकामी झाली. मावशीनं तारेची रिळं खोक्यात भरली, पुन्हा काढली, पुन्हा भरली. लेकाचा रोज फोन यायचा, आई, कधी येतेस? ती ऐकू येत नाही म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना पत्र आलं.

अनुदान मंजूर झालं होतं. मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, पण हसायच्या आधी तिनं विचारलं, “अट काय आहे?” अट होतीच. वर्ष संपायच्या आत बारापैकी निदान दहा जण शिकून बाहेर नोकरीला लागले पाहिजेत, नाहीतर पुढचं अनुदान बंद.

खोक्यातलं एक रीळ मावशीनं उगाचच हातात फिरवलं.

“बारातून दहा गेले,” ती हळूच म्हणाली, “म्हणजे दोघं राहिले तर चालेल ना गं?”