गहू कोणाकोणाले बाधते?

चार माणसं रोज एका पंगतीत जेवली की किस्से आपोआप साचतात. आमची तर तिरोडीच्या खाणीतल्या कारकुनांची मेस! सगळे पक्के भातखाऊ. आणि त्या वर्षी रेशनवर तांदूळ जवळजवळ बंद, नुसता लाल गहू!

खाणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्याला गहू सोसत नाही त्यालाच भात मिळेल. झालं! दुसऱ्या दिवशी अख्खी मेस दवाखान्यात. स्टोअरवाला रामटेके सगळ्यांत पुढे.

"पोळी खाल्ली का गुडघे दुखते, साहेब."

"गव्हाने गुडघे?"

"मंग काय! भातानं कधीच नाही दुखले!"

*

दिवाळीत करंज्या झाल्या. मैद्याच्या! परात बघता बघता रिकामी. स्वयंपाकीण बेनीबाई कमरेवर हात ठेवून उभी. "क्यों रे, अब घुटने नहीं दुखते?"

रामटेके म्हणाला, "बाई, सणाले गुडघेही सुट्टीवर असते!"

*

पुढे एक साहेब सोयाबीनचा प्रचार करायला आले. सोबत वडे. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, तर साहेबांनी स्वतःच दोन खाल्ले. भाषण चालू असतानाच त्यांचे ओठ सुजले, गालही फुगले!

रामटेके हळूच म्हणाला, "मानलं! साहेबाच्या तं लगेच अंगाले लागलं!"

*

एवढ्या सोंगाड्यांत खरा रोगी एकच, आमचा टायपिस्ट धनराज. पोळीचा तुकडा पोटात गेला की बिचारा लोटा घेऊन पळायचा. डॉक्टरांनीही सांगितलं, याला खरंच बाधतो. पण लग्नाच्या दोन स्थळांकडून 'पोराच्या पोटात खोट आहे' म्हणून नकार आला आणि तो पार खचला.

राजेगावला तिसरी मुलगी बघायला मी आणि रामटेके त्याच्यासोबत गेलो. वाटेत त्याने हात जोडले. "मी मरत मरत खाईन, पण तुम्ही बोलू नका बाप्पा! फोटो पाहूनच हे पोरगी मले लई आवडली आहे."

ताटात पुऱ्याच पुऱ्या! धनराजने एक उचलली आणि तोंडाजवळ नेली. रामटेकेला राहवलं नाही. तो मुलीच्या वडिलांना म्हणाला, "मामाजी, याले गहू चालत नाही. पोळी नाही, पुरी नाही, काहीच नाही!"

धनराजने डोळे मिटले. मुलीचे वडील गंभीर झाले. मला तर त्या रामटेकेचा गळाच धरावासा वाटला.

"म्हणजे," वडील सावकाश म्हणाले, "याच्या घरी रोजच्या पोळ्या कराच लागत नाही?"

"नाही," धनराज कसाबसा बोलला.

आतून कोपरापर्यंत कणकेनं भरलेले हात घेऊन मुलगीच दारात आली.

"बाबा, हौ म्हणा न लवकर!"