आबांच्या खोलीतली फरशी

पदवी मिळाली, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि काही वर्षं पगारातून साठवून मी औंढ्यातल्या आमच्या घरात पांढरीशुभ्र फरशी बसवून घेतली. आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी. त्यांनी भाताच्या चिखलात उभं राहून मला शिकवलं होतं. आता त्यांच्या पायाखाली स्वच्छ, कोरडं काही असावं, एवढंच मनात होतं.

त्या हिवाळ्यात ते आजारी होते. दम लागायचा, पाय गार पडायचे. तरी घरात बसेनात. सकाळी भिंत धरत धरत गोठ्यात जायचे आणि तिथल्या सारवलेल्या जमिनीवर दिवसभर बसायचे.

शेजारी चिडवायचे, "काय आबा, पोरीनं म्हाल बांधला अन् तुमी म्हशीपाशी?"

"म्हशीला करमत न्हाई माज्याबिगर," आबा म्हणायचे.

मला ते लागायचं. वाटायचं, माझ्यावर रुसलेत. मी त्यांना मऊ स्लिपर आणून दिल्या. त्यांनी त्या पिशवीतून काढल्यासुद्धा नाहीत. "घरात पायताण? अन् तेबी तुज्या फरशीवर?"

एकदा वर्गात उष्णतेचा धडा होता. बाकाची फळी आणि बाकाचा लोखंडी पाय, दोन्हींना मुलांना हात लावायला सांगितला. "बाई, लोखंड लय गार हाय!" सगळी ओरडली. मी म्हटलं, "दोन्हींचं तापमान सारखंच आहे. लोखंड तुमच्या हाताची ऊब भराभर ओढून घेतं, लाकूड तसं घेत नाही." हे मी दर वर्षी सांगते. त्या दिवशी सांगितलं आणि मला आबांचे गार पाय आठवले.

घरी येऊन आईला विचारलं, आबा घरात का थांबत नाहीत. ती खाली बघत म्हणाली, "फरशीवर पाय टेकला की पार मांडीपतुर कळ जाती त्यांच्या. तुला सांगू नको म्हणले. पोरगी हिरमुसंल."

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्यांच्या खोलीतली फरशी उखडली. माती भरून चोपली, आईनं शेणानं सारवली. पण थंडीच्या दिवसांत, बंद खोलीत ओली माती लवकर वाळत नाही. आणि ओली असेतोवर ती फरशीसारखीच ऊब ओढते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

आबा गोठ्यातून रोज विचारायचे, "वाळली का गं?"

मी कोपऱ्यात अंगठा दाबून बघायचे. ठसा उमटायचा. "अजून दोन दिवस, आबा."

पाचव्या दिवशी दुपारी आई चहा घेऊन गोठ्यात गेली, तेव्हा ते गेलेले होते.

बसायला आलेल्या बायकांना आम्ही त्याच खोलीत बसवलं. तोवर जमीन वाळली होती. एका मावशीनं तळवा टेकवून पाहिला. "हितं बरंय," ती म्हणाली, "बाहीर लय गार लागतंय."

आई आता दर आठवड्याला ती खोली सारवते. माझ्या अंगठ्याचे ठसे आहेत तेवढा कोपरा सोडते.