राजीखुशीनं

कुणालाही काही विचारलं की उत्तर आमचा जयवंतमामा द्यायचा. मामीला "बरी आहेस ना?" म्हटलं, तरी हाच म्हणायचा, "तिला काय हुतंय?" मामी हसायची, आम्हीही हसायचो. मांडवगण फराटा गावात सोयरीक असो की तंटा, लोक त्यालाच पुढं घालायचे.

मी परदेशात शिकते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला तिथं स्वतंत्र संशोधन करावं लागतं. मी विषय घेतला हक्कसोडीचा. बहिणी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडतात, तेव्हा त्यांना मनातून काय वाटतं? प्राध्यापिकेनं बजावलं होतं, बायकांशी एकटीनंच बोल. मामा म्हणाला, "आगं, आनोळखी पोरीशी कोन बोलंल? मी हाय की." सुट्टीभर त्यानं मला मोटारसायकलवर गावोगाव हिंडवलं, पार दौंडपर्यंत नेलं. मी बोलायला बसले की शहाण्यासारखा बाहेर जाऊन थांबायचा. मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं!

सगळ्याजणी एकच सांगायच्या, "राजीखुशीनं सोडलं. म्हायेर तुटाय नको." मी खूश. इतकं पक्कं उत्तर कुणाला मिळतं? कवठे येमाईच्या एका मावशींनी मात्र चहाची कपबशी पुढं करत हळूच विचारलं, "ताई, बराबर बोलले न्हवं? काल तुमच्या मामांचा फोन आलता. त्यांनी सांगितलं तसंच म्हनले."

मी चहा तसाच ठेवून उठले. परतताना मी गाडी थांबवायला लावली.

"मामा, सगळ्यांना तूच पढवलंस?"

"मग? परदेशात आपली आब्रू घालवायची का? भावाभैनीचं घरातलं आसतं त्ये."

त्याला जराही ओशाळं वाटत नव्हतं, हेच जास्त लागलं. माझी सगळी मेहनत यानं मातीत घातली होती आणि वर उपकार केल्यासारखा बोलत होता. ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यानंच मला फसवलं होतं.

"आणि आई? आजोबांच्या जमिनीतला हिस्सा तिनंही सोडलाय. सही घेताना तिला तरी विचारलं होतंस?"

मामाला खरोखरच नवल वाटलं. "तिला काय इचारायचं? माझी भैन हाय ती."

प्राध्यापिकेला मी सगळं खरं सांगितलं. ती उत्तरं बाद झाली, पदवीही लांबली. भाऊबीजेला आई नेहमीसारखी मांडवगणला ओवाळायला गेली. तिथून मामानं व्हिडिओ कॉल लावला.

मी उचलला नाही.