शेंगदाण्याच्या पेंडीची पिशवी

आमच्या लॅबमध्ये पिशव्यांपेक्षा किस्सेच जास्त तयार झाले. चहाला बसलं की एकातून दुसरा निघतो, आणि शेवटी सगळे भटूसरांच्या घरी जाऊन थांबतात.

भटूसर आमचे प्रमुख, रनाळे गावचे. त्यांची गाय रोपांच्या प्लास्टिक पिशव्या खाऊन मेली. त्यांच्या आईने गायीचा खुंटा उपटून माळ्यावर टाकला. "आते दारशी गाय नको!" तेव्हापासून सरांनी हे काम धरलं. शेंगदाण्याच्या पेंडीतलं प्रोटीन कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळायचं आणि त्याची रोपांसाठी पिशवी करायची. नुसतं प्लास्टिक फार सावकाश कुजतं, नुसतं प्रोटीन मोडतं.

*

पहिली पिशवी मी हौसेने उघडायला गेलो आणि दोन तुकडे! मशीन चालवणारा संजू म्हणाला, "सर, हाई पिशवी नही, पापड शे!" मग पिशवी लवचिक व्हावी म्हणून ग्लिसरीन वाढवलं.

*

मशीन तापलं की भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सुटायचा. शेजारचे फिजिक्सवाले "आज नाश्त्याला काय?" म्हणत डोकावायचे. आम्हीही खूश, प्रोटीन करपलं नाही म्हणून! हा वास आणखी कोणाला आवडेल, हे एकालाही सुचलं नाही.

*

एकदाची पिशवी ओढूनही फाटेना. पेढे वाटले. एरवी लॅबमध्ये पुस्तकी मराठी बोलणारे सर पेढा हातात धरून हळूच म्हणाले, "गायनी खादी तं?" मला तो पेढा गोड लागला नाही.

*

सरांच्या शेतात पपईची रोपं पिशव्यांसकट लावायला नेली. आम्ही जेवायला बसलो आणि शेजाऱ्यांची गाय वासावर आली. रोपं बाजूला टाकून तिने पिशव्याच खाल्ल्या! सर पांढरेफटक पडले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खात्री देत नाही. नजरेसमोर ठेवा."

सरांनी ती आपल्याच अंगणात, बैलगाडीच्या चाकाला बांधली. त्या रात्री ते जेवले नाहीत. आई रोज काडीने शेण उकलून बघायची. प्लास्टिकचा तुकडा सापडला नाही. गाय रवंथ करत होती, चारा मागत होती.

डॉक्टरांनी सोडायला सांगितलं, तेव्हा सर दावं सोडायला वाकले. शेजारी न्यायला दारात उभे होते. आई पुढे झाली, गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरांवर खेकसली,

"गाडाना चाकले कोनी गाय बांधस का? माळ्यावरना खुटा काढ!"